वाहनधुलाई (शेळगाव परिसर)

मोटारगाडीचा बाह्य भाग, तळ आणि अंतर्भाग यांवरील धूळ, चिखल, तेलकटपणा व डाग काढून ती कोरडी करण्याची क्रिया. शेळगाव हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील गाव बारामती–इंदापूर मार्गावर, अंथुर्णे आणि निमगाव केतकी यांच्या दरम्यान आहे. येथील वाहनांची नोंदणी बारामतीच्या परिवहन कार्यालयात एमएच ४२ या मालिकेत होते. गाडी किती स्वच्छ निघेल, हे या परिसरात यंत्रापेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून असते.

मळाचे स्वरूप : परिसरातील काळी माती ओली असताना चिकट असते आणि वाळली की टणक होते. चाकांच्या वरच्या पोकळीत व दारांच्या खालच्या कडेला ती थरांनी साचते. दारांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी असलेली बारीक छिद्रे त्यामुळे बुजतात, आत ओल राहते आणि पत्रा आतून गंजू लागतो. भवानीनगर येथील श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांमुळे हा ऊसपट्टा आहे. गळीत हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. या काळात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर येतो, तर पेटवलेल्या पाचटाची काजळी उडून गाड्यांवर बसते. काजळी कोरड्या फडक्याने पुसल्यास रंगात चोळली जाते. ती आधी पाण्याने उडवावी लागते. संत तुकाराम महाराजांची पालखी बेलवाडी, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरकडे जाते. त्या दिवसांत पाऊस लांबला असेल तर धूळ आणि पडला असेल तर राड, असा मळ गाड्यांवर चढतो. दसऱ्याच्या पूजेत गाडीला लावलेले हळदकुंकू व नारळाचे पाणी उन्हात वाळल्यास पांढऱ्या रंगावर डाग राहतात. म्हणून पूजेनंतर दुसऱ्याच दिवशी साध्या पाण्याने गाडी धुवावी.

पाणी : बारामती व इंदापूर तालुक्यांना पाणी देणारा नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकातील आहे. कालव्याचे पाणी आवर्तनाने सुटते. आवर्तन नसते तेव्हा भिस्त विहिरींवर आणि बोअरवर असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून आलेल्या भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. दीर्घकाळ सिंचन झालेल्या, निचरा कमी असलेल्या जमिनीखाली एकूण क्षारांचे प्रमाण आणखी वाढते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) या क्षारांमुळे येणाऱ्या कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. कठीण पाण्यात शाम्पूला फेस कमी येतो, आणि थेंब गाडीवरच वाळले तर काचेवर व रंगावर पांढरे ठिपके उमटतात. ठिपके वारंवार उन्हात तापल्यास रंगावरच्या पारदर्शक थरात रुतून बसतात आणि पॉलिशशिवाय जात नाहीत. साध्या उपायांत दोन गोष्टी येतात : शेवटचे खळबळणे मऊ पाण्याने करणे आणि गाडी ताबडतोब कोरडी करणे.

साधने : मोबदला घेऊन मोटारी धुण्याचा स्वतंत्र व्यवसाय अमेरिकेतील डेट्रॉईट येथे १९१४ मध्ये सुरू झाल्याचे मानले जाते. तेथे गाड्या हाताने ढकलत एका टप्प्यावरून दुसऱ्यावर नेत. जर्मनीच्या केर्शर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्चदाब यंत्र युरोपात आणले. ग्रामीण महाराष्ट्रातील वॉशिंग सेंटरमध्ये सामान्यतः विजेवरचा उच्चदाब पंप, हायड्रॉलिक लिफ्ट किंवा सिमेंटचा रॅम्प, फेस मारण्याची टाकी, हवेचा कॉम्प्रेसर आणि व्हॅक्यूम एवढी सामग्री असते. डाळिंब आणि द्राक्षांवर फवारणी करणारा एचटीपी पंप अनेक शेतकऱ्यांकडे असतो आणि ट्रॅक्टर, ट्रॉली, गाडी धुण्यासाठीही तोच वापरतात. त्याचा दाब वॉशिंग पंपापेक्षा कमी, परंतु पाणी मिनिटाला २० ते ३० लिटरपर्यंत जाते. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर पाणी घेतो. बादली, मग आणि फडके वापरून ४० ते ६० लिटरमध्ये लहान मोटार धुता येते. पाइप मोकळा सोडून धुतल्यास याच्या कितीतरी पट पाणी जाते.

धुण्याची रीत : गाडी सावलीत उभी करून बॉनेट थंड होऊ द्यावे. प्रथम फक्त पाण्याने तळ, चाकांच्या पोकळ्या आणि दारांच्या कडा धुवाव्यात. मग शाम्पूचा फेस मारून तो काही मिनिटे राहू द्यावा, मात्र वाळू देऊ नये. नंतर मायक्रोफायबरच्या मोज्याने टपापासून खाली यावे. एका बादलीत शाम्पू आणि दुसरीत मोजा खळबळण्यास साधे पाणी ठेवल्यास मातीचे कण पुन्हा रंगावर घासले जात नाहीत. कपड्यांची पावडर व भांड्यांचे साबण वापरू नयेत, कारण ते मेणाचा थर काढून टाकतात. दाबाचा फवारा रंगापासून सुमारे एक फूट दूर ठेवावा. रेडिएटरवर जवळून फवारा मारल्यास त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. इंजिनातील फ्यूजपेटी, अल्टरनेटर व वायरिंगचे जोड झाकावेत. धुतल्यानंतर तळाला डिझेल मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने रबरी बुश फुगतात आणि चिकट थरावर धूळ बसते. गंजरोधक लेप त्याहून योग्य. शेवटी काही अंतर गाडी चालवून ब्रेक हलके दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात.

अंतर्भाग : पायपुसण्या बाहेर काढून झटकाव्यात आणि वाळल्यावरच बसवाव्यात, पावसाळ्यात ओल्या कार्पेटला बुरशी येते. उसाच्या फडालगत उंदीर पुष्कळ असतात आणि उभ्या गाडीच्या वायरी कुरतडतात. त्यामुळे सीटखाली सांडलेले खाद्यपदार्थ काढणे, तसेच इंजिनात अडकलेला पाचोळा साफ करणे हा स्वच्छतेचाच भाग ठरतो.

धुलाई केंद्राची निवड : पाणी कालव्याचे, विहिरीचे की बोअरचे, हे प्रथम विचारावे. नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या आरशावर पांढरे ठिपके दिसतात का, यावरून उत्तराची खातरजमा होते. चाकांसाठी आणि रंगासाठी वेगळी फडकी असावीत. जमिनीवर पडलेले फडके न धुता परत वापरणारे केंद्र टाळावे, कारण त्यातील खडे रंगावर गोलाकार ओरखडे पाडतात. ठरलेल्या दरात तळधुलाई, व्हॅक्यूम आणि कोरडे करणे येते का, हे आधी ठरवावे. सिरॅमिक कोटिंगमुळे मळ सहज सुटतो, परंतु क्षारांचे ठिपके त्यावरही पडतात.

सांडपाणी व कायदा : धुलाईच्या पाण्यात गाळ, साबण, ग्रीस व तेल असते. ते शोषखड्ड्यात थेट सोडल्यास जवळच्या विहिरीत उतरू शकते. म्हणून आधी गाळाची टाकी, नंतर तेल वेगळे करणारी टाकी असा क्रम आवश्यक असतो. सांडपाणी सोडणाऱ्या व्यवसायांना जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ लागू होतो. कालव्याचे पाणी दूषित करणे महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ नुसार गुन्हा आहे. गाडी कालव्यात किंवा चारीत उतरवून धुऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके होते. टंचाईच्या काळात ओल्या मायक्रोफायबरने काच, दिवे व नंबरप्लेट पुसून बाकीची गाडी तशीच ठेवणे योग्य. कोरडी धूळ पाण्याविना घासणे हे न धुण्यापेक्षा रंगाला अधिक घातक असते.