शोकाचा सांडवा

नागझिऱ्याचे अरण्य आणि आमगावजवळचे पदमपूर ही दोन्ही स्थळे एकाच गोंदिया जिल्ह्यात आहेत, याची आठवण फार थोड्यांना असते. पहिल्या ठिकाणी लोक वाघ पाहावयास जातात. दुसऱ्या ठिकाणी जाणारे विरळा. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले आणि २०१३ मध्ये नवेगावसह व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. झिरा म्हणजे झिरपणारे पाणी. डोंगराच्या कुशीतले हे पाणी आणि त्याखालचा तलाव यांच्या आधाराने तेथील श्वापदे उन्हाळा काढतात. व्यंकटेश माडगूळकर या अरण्यात येऊन राहिले आणि त्यांच्या ‘नागझिरा’ या पुस्तकाने मराठी वाचकांस या नावाची गोडी लागली. तेव्हापासून नगरवासी माणूस, कामाने शिणलेला किंवा घरातील माणूस गमावलेला, चार दिवस या झाडीत काढावे म्हणजे मन हलके होईल अशा आशेने इकडे येत आला आहे.

अरण्यात मन हलके होते काय, आणि होत असल्यास ते कशाने, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी एका नाटककाराने एक शोकग्रस्त राजा अरण्यात आणून उभा केला आणि त्याच्या मनात काय काय घडते याचे असे सूक्ष्म निरीक्षण नोंदविले की, आजच्या मानसोपचाराच्या अभ्यासकानेही ते आदराने वाचावे. हा नाटककार भवभूती होय. आपले पूर्वज विदर्भातील पद्मपूर नगरीचे, असे त्याने स्वतःच आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. मोहल्ला येथे सापडलेल्या वाकाटकांच्या एका अपूर्ण ताम्रपटातही पद्मपुराचे नाव येते. सर्वच पंडितांना ही ओळख मान्य आहे असे नव्हे. तथापि याहून बलवत्तर पुरावा दुसऱ्या कोणत्याही गावाच्या बाजूने पुढे आलेला नाही. पुढे भवभूती कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयास गेला, ही गोष्ट कल्हणाच्या राजतरंगिणीवरून कळते. अर्थात त्याचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध ठरतो.

भवभूतीच्या आधी या देशात शोकावर उपचार नव्हते असे मात्र समजू नये. चरकसंहितेत मनाच्या व्याधींसाठी ज्ञान, धैर्य, स्मृती, समाधी असे उपाय सांगितले आहेत, आणि प्रिय वस्तूच्या नाशाने ज्याचे मन बिघडले असेल त्यास सांत्वन व आश्वासन द्यावे असेही सांगितले आहे. त्याच ग्रंथात वेगधारणाचा एक अध्याय आहे. तेथे मौज अशी की, शोकाचा वेग आवरावा असे एका ठिकाणी म्हटले आहे. परंतु अश्रूंचा वेग मात्र जांभई, शिंक, तहान, झोप यांच्या पंक्तीस बसविला आहे. तो अडवू नये. अडविल्यास पडसे, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची आणि भोवळ हे विकार संभवतात. त्यांवर उतारा कोणता, तर झोप, मद्य आणि प्रिय गोष्टी! मद्याचा भाग आज कोणी वैद्य सुचविणार नाही. पण झोप आणि प्रिय माणसाचे बोलणे यांचे महत्त्व अजून उणे झालेले नाही. शोक आवरावा पण अश्रू आवरू नयेत, या दोन वचनांचा मेळ कसा घालावयाचा, हे वैद्याने उघड सांगितले नाही. ते काम एका कवीने केले.

कालिदासालाही हा प्रश्न ठाऊक होता. रघुवंशातील अज राजाची राणी इंदुमती ही विदर्भाचीच राजकन्या. ती अकस्मात मरण पावते. अजाचे सांत्वन करण्यास वसिष्ठ स्वतः येऊ शकत नाहीत, कारण ते यज्ञात गुंतलेले असतात. म्हणून ते शिष्याबरोबर उपदेश धाडतात. उपदेश निर्दोष आहे. देह नश्वर आहे, रडल्याने मृत माणूस परत येत नाही, इत्यादी सर्व त्यात आहे. परंतु शोकाने भरलेल्या त्या हृदयात या उपदेशाला जागाच मिळत नाही. मुलगा लहान म्हणून अज आठ वर्षे कसाबसा जगतो, राणीची चित्रे पाहतो, स्वप्नात तिची भेट घेतो, आणि अखेरीस प्राण सोडतो. शिष्याच्या मुखाने पाठविलेल्या युक्तिवादाचे सामर्थ्य किती, याची ही कथा साक्ष देते. आजही दुखवट्याच्या घरी जाऊन गीतेचे श्लोक ऐकवणारे पाहुणे असतातच.

उत्तररामचरितातील प्रसंग याहून बिकट आहे. रामाची पत्नी मृत्यूने नेलेली नाही. लोकापवादासाठी त्याने स्वतःच तिला टाकले आहे. त्यानंतर बारा वर्षे लोटली आहेत. या बारा वर्षांत त्याने राज्य चोख चालविले. त्याचे दुःख वरून दिसत नाही. भवभूतीने त्याला पुटपाकाची उपमा दिली आहे. वनस्पती पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन वैद्य ती विस्तवात भाजतात, त्या पाकाला पुटपाक म्हणतात. बाहेरची माती फुटत नाही, वाफ निघत नाही, आणि आत मात्र सर्व काही शिजत असते. ज्याला घरात किंवा कचेरीत सर्व जण खंबीर म्हणतात अशा माणसाची अवस्था याहून नेमक्या शब्दांत कोणी सांगितली असेल असे वाटत नाही.

अशा स्थितीत राम दंडकारण्यात, जनस्थानात येतो. सीतेसह वनवासाचे दिवस जेथे काढले तेच हे ठिकाण. नाटकाच्या तिसऱ्या अंकाची व्यवस्था लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. राम येण्यापूर्वीच अगस्त्यपत्नी लोपामुद्रा मुरला नदीला गोदावरीकडे पाठविते. निरोप असा की, जुनी स्थळे पाहून रामभद्र पदोपदी मूर्च्छित होण्याचा संभव आहे. तेव्हा सावध राहावे आणि शीतल वाऱ्याने त्याला शुद्धीवर आणावे. इकडे भागीरथीने सीतेलाही तेथे धाडले आहे. ती कोणास दिसणार नाही अशी योजना आहे, आणि तिच्या सोबतीस तमसा आहे. मग राम येतो. सीतेने वाढविलेला हत्तीचा छावा आता तरुण झाला आहे. तिने नाचविलेला मोर कदंबावर बसला आहे. एकेक वस्तू पाहून राम कोसळतो आणि अदृश्य सीतेच्या स्पर्शाने पुन्हा सावध होतो.

वनदेवता वासंती त्याला सोडत नाही. आधी लक्ष्मणाचे कुशल विचारते, आणि मग मुख्य प्रश्नाला हात घालते: असे निष्ठुर कृत्य तुमच्या हातून झाले कसे? राम रडू लागतो. सीतेला हे पाहवत नाही. वासंती दुःखात भर घालते म्हणून ती तिला दोष देते. त्यावर तमसा जे उत्तर देते ते या नाटकाचे मर्म होय. तलावाला पूर आला असता पाण्याला बाहेर वाट करून देणे हाच उपाय. त्याप्रमाणे शोकाने उसळलेले हृदय विलापानेच तग धरते, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. पुढे ती आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती अधिक खोल आहे. या माणसावर सर्व जगाच्या पालनाचा भार आहे. शिवाय त्याग त्याने स्वतः केला असल्यामुळे रडण्याचा अधिकारही त्याला उरलेला नाही. म्हणून आज त्याला रडता आले हाच लाभ.

भवभूतीने तलावाचा हा दृष्टान्त कोठून घेतला? भंडारा आणि गोंदिया हा तलावांचा मुलूख खरा. नवेगावबांध, चोरखमारा, बोदलकसा ही नावे नागझिऱ्याकडे जाणाऱ्यास परिचयाची असतात. येथील कोहळी समाजाने गावोगाव तलाव बांधून धानाची शेती उभी केली. परंतु हे तलाव भवभूतीनंतर कित्येक शतकांनी झाले; त्यामुळे त्याने ते पाहिले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, त्याच्या वचनाचा अर्थ या जिल्ह्यातील शेतकऱ्यास टीकाकाराच्या मदतीवाचून कळतो. सांडवा नसलेला तलाव पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फोडून जातो, हे त्याला ठाऊक असते. आणि सांडवा म्हणजे पाळीत पाडलेले भगदाड नव्हे, हेही त्याला ठाऊक असते. तो योग्य उंचीवर ठेवावा लागतो, पाण्याने खचू नये असा बांधावा लागतो, आणि पावसाळ्यात त्यावर कोणीतरी नजर ठेवावी लागते. मुरला, गोदावरी, तमसा यांची योजना भवभूतीने का केली याचे उत्तर यात आहे. वासंतीने जी वाट मोकळी केली, तिच्या दोन्ही काठांना माणसे उभी होती.

युरोपात हा विचार शास्त्राच्या रूपाने पुढे यावयास एकोणिसावे शतक संपत आले. व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर यांची एक तरुण रुग्ण वडिलांच्या दुखण्यात शुश्रूषा करता करता आजारी पडली होती. मनातले सांगून टाकल्यावर तिला आराम वाटे. या उपायाला तिने स्वतःच ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले, आणि थट्टेने ‘धुराडे झाडणे’ असेही म्हटले. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी हा वृत्तान्त ग्रंथात दिला. थंड देशातील मुलीला धुराडे आठवावे आणि विदर्भातील कवीला तलाव, हे स्वाभाविकच आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतून खचून परतलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना ‘विसरा, मन दुसरीकडे वळवा’ असाच सल्ला सर्रास दिला जाई. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉक्टर रिव्हर्स यांना असे आढळले की, दिवसा दाबलेल्या आठवणी रात्री दुप्पट वेगाने उसळतात. १९१७ मध्ये त्यांनी हे मत विद्वानांपुढे मांडले. हेच रिव्हर्स पूर्वी निलगिरीच्या तोडा लोकांत राहून गेले होते आणि त्यांच्यावर त्यांनी १९०६ मध्ये ग्रंथ लिहिला होता. पुढे १९४२ मध्ये बोस्टन येथील एका नृत्यगृहाला आग लागून ४९२ माणसे मेली. त्यांच्या आप्तांसह १०१ शोकग्रस्तांच्या अभ्यासावरून लिंडेमान यांनी १९४४ मध्ये शोकाची लक्षणे आणि त्याचे उपचार यांवर निबंध लिहिला. शोक करणे हेही एक काम आहे आणि ते टाळले तर अंगावर शेकते, हा त्याचा मथितार्थ.

यानंतर उत्साहाचा अतिरेक झाला. अपघात झाला की लगेच सर्वांस एकत्र बसवून एकाच बैठकीत सर्व काही बोलावयास लावावे, अशी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिची रीतसर परीक्षा घेतली तेव्हा असे आढळले की, तिचा विशेष लाभ होत नाही, आणि काहींना उलट अपायच होतो. म्हणजे पाळ फोडणे निराळे आणि सांडवा बांधणे निराळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक टिकणारा आणि जगणे अशक्य करणारा शोक हा विकार म्हणून नोंदला आहे. कामाच्या अखंड ताणाने येणारी ग्लानी मात्र रोग न मानता कामाशी निगडित अवस्था म्हणून निराळी नोंदली आहे. रामाच्या ठिकाणी ही दोन्ही एकत्र नांदत होती, आणि व्यवहारात ती बहुधा तशीच सापडतात.

विदर्भात शासनाचा पहिला मार्ग भिंतीचा होता. नागपूरचे वेड्यांचे रुग्णालय १८६४ मध्ये निघाले. ज्याचे वर्तन घरच्यांना आवरेना त्याला तेथे पोहोचविले जाई. जो मुकाट्याने झुरत असे त्याची नोंद कोठेच होत नसे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा प्रांत हादरल्यावर ही उणीव सर्वांच्या लक्षात आली. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रयोग झाला. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठविले. ज्यांना गरज दिसली त्यांना समुपदेशन दिले, आणि अधिक गरज असणाऱ्यांस डॉक्टरांकडे नेले. खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे आरंभी शेकडा ४.३ होते, ते दीड वर्षात शेकडा २७.२ झाले. २०१७ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. आकडा सहापट वाढला ही गोष्ट समाधानाची खरी. तरीही शंभरांतील सुमारे त्र्याहत्तर जण उपचारावाचून राहिलेच.

आता नागझिऱ्याकडे परत येऊ. पाहुण्याला हे अरण्य विसावा देते, कारण त्याचे दुःख तेथे घडलेले नसते. भवभूतीचे जनस्थान तसे नाही. तेथील प्रत्येक झाड रामाची जखम उघडी करते. नागझिऱ्यातही अशी माणसे आहेत. एप्रिल २०२१ मध्ये या अरण्यात वणवा भडकला आणि तो विझविण्यास गेलेले तीन मजूर होरपळून मरण पावले. आणखी काही भाजले. वारसांच्या साहाय्याचे हिशेब सरकारी रीतीने होतात आणि ते व्हावयासच हवेत. परंतु त्या मजुरांबरोबर जे डोंगर चढले आणि जिवंत उतरले, त्यांच्यासाठी अशा वेळी कोणती मुरला कोणत्या गोदावरीकडे धावते, याची नोंद त्या हिशेबात येत नाही. वणव्याचा हंगाम दरसाल येतो. मोहाची फुले गळू लागण्यापूर्वी जाळरेषा साफ कराव्या लागतात, आणि त्या कामावर बहुधा त्याच गावांची माणसे त्याच वाटेने जातात.