भिंत किती उंच बांधायची?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बोस्टन हे एक जुने बंदर आहे. गावातून विदम नदी वाहते आणि पुढे काही किलोमीटरवर वॉश नावाच्या उथळ उपसागराला मिळते. तेथे उधाणाच्या भरतीची आणि ओहोटीची पातळी यांत सुमारे साडेसहा मीटरांचा फरक असतो. नदीकाठच्या सेंट बोटॉल्फ चर्चच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत. त्यांतील चार तारखा पाहा: 10 नोव्हेंबर 1810, 31 जानेवारी 1953, 11 जानेवारी 1978 आणि 5 डिसेंबर 2013.

या चारही तारखा पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दोन-तीन दिवस मागे-पुढे येतात. म्हणजे पूर उधाणाचा आहे. पण उधाण तर महिन्यातून दोनदा येते, मग पूर क्वचितच का? कारण त्याला वादळाची जोड लागते. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर चढते. शिवाय उत्तरेकडचा वारा पाणी दक्षिणेकडे लोटतो आणि तिकडे उत्तर समुद्र अरुंद व उथळ होत जातो. हा फुगवटा आणि उधाण एकाच वेळी गावाशी पोहोचले, तर पाणी काठावरून आत येते.

भरतीला अडवण्याचे प्रयत्न येथे जुने आहेत. कोकणातील खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, तशाच कामासाठी 1766 मध्ये नदीवर ‘ग्रँड स्लूस’ हे मोठे दार बांधले गेले. भरतीचे पाणी वरच्या शेतांत शिरणे थांबले. पण ते दाराशीच अडल्यामुळे त्याच्याबरोबरचा गाळ खालच्या पात्रात साचू लागला. नदीला घातलेला आवर दुसरीकडे कुठेतरी उमटतोच.

गावातील काठावर भिंती आल्या. भिंतीची उंची ठरवताना स्वाभाविकपणे मागच्या पुराची खूण समोर असते. येथे दोन अडचणी येतात. पहिली यंत्रशास्त्राची: पाण्याची खोली दुप्पट झाली, तर भिंतीवरचे एकूण बल चौपट होते आणि तिला उलथवू पाहणारे आघूर्ण आठपट. दुसरी अडचण अशी, की मागची खूण ही कमाल मर्यादा नसते. 2013 चे पाणी 1953 आणि 1978 च्याही वर गेले. भिंती ओलांडून ते 800 हून अधिक घरांत व दुकानांत शिरले.

तरीही 1953 ची पुनरावृत्ती झाली नाही. त्या रात्री इंग्लंडमध्ये 307 माणसे मेली. उत्तरेच्या किनाऱ्यावर पाणी काही तास आधीच चढले होते, पण दक्षिणेकडे वेळेवर कोणी कळवले नाही. त्यानंतर वादळी भरतीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी राहिली. 2013 मध्ये लोक सावध होते.

डिसेंबर 2020 पासून बोस्टनला सुमारे 25 मीटर रुंदीचे पोलादी दार आहे. एरवी ते नदीच्या तळाशी आडवे असते, धोका दिसला की वर उचलले जाते. अर्थात, धोका आधी दिसायला हवा. अंदाज चुकला तर दार तळाशीच राहील.

आपल्या शाळेजवळ खाडी असेल, तर गावातील वृद्धांकडून पाणी चढल्याच्या तारखा विद्यार्थ्यांना गोळा करू द्या आणि पंचांगात तिथी शोधू द्या. तिथी जुळली, की वारा कोणत्या दिशेचा होता आणि पाऊस किती होता, हेही विचारायला सांगा.