तात, पोलाद आणि निकेल : विद्युत गिटारच्या तारांची कुळकथा

वाद्यांविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यात भोपळा, लाकूड, घोडी, जवारी आणि कारागिराचा हात यांना योग्य तो मान मिळाला. तारेच्या वाट्याला मात्र एखाद-दुसरेच वाक्य आले. ती तुटते, गंजते, बदलली जाते. जी वस्तू शेवटी टाकूनच द्यायची, तिचा इतिहास कोण लिहिणार? मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या तंबोऱ्याचा नाद प्रथम जन्मतो तो तारेच्या ठायी; भोपळा त्याला नंतर थोरवी देतो.

बृहन्महाराष्ट्रातील आमच्या जुन्या घरांतून आज दोन पिढ्यांची वाद्ये एकाच छपराखाली नांदतात. आजोबांचा तंबोरा गवसणीत असतो आणि नातवाची विद्युत गिटार भिंतीवर टांगलेली असते. वडीलधाऱ्यांना त्या गिटारचा गलबला रुचत नाही, आणि नातवंडांना तंबोऱ्याच्या तारा जुळवण्यात जाणारा अर्धा तास व्यर्थ वाटतो. या दोघांना बांधणारा धागा आहे तो तारेचाच. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही विद्युत गिटारच्या तारांची कुळकथा सांगण्याचे योजिले आहे. तारेची परीक्षा तीन अंगांनी होते : हाताला ती कशी लागते, कानाला कशी लागते, आणि लावलेल्या सुरात किती टिकते. या तिन्ही गोष्टी एकाच तारेत पुरेपूर मिळाल्याचे उदाहरण इतिहासात नाही. प्रत्येक काळाने एकीसाठी दुसरीचा काही अंश सोडला आहे.

युरोपात शतकानुशतके तार म्हणजे मेंढीच्या आतड्याची तात. आपल्याकडील सारंगीने तिच्याशी असलेले नाते अजून सोडलेले नाही. तातीचा नाद मृदू व मानवी कंठाच्या जवळचा. पण हवेतील ओलाव्याने ती फुगते, सूर सोडते आणि फार ताणली तर तुटते. इटलीच्या अब्रुत्सो प्रांतातील साल्ले हे डोंगराळ गाव या तातींसाठी प्रसिद्ध होते. तेथील १६८० सालच्या नोंदीत दादारिओ घराण्यातील एका पुरुषाचा व्यवसाय ‘कोर्दारो’, म्हणजे तारा करणारा, असा दिलेला आढळतो. विसाव्या शतकाच्या आरंभी याच गावची दादारिओ आणि मारी ही घराणी न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक झाली. अमेरिकेतील तारांच्या उद्योगाचा मोठा भाग पुढे या स्थलांतरितांच्या वंशजांनी उभारला. परमुलखात गेलेल्या माणसाबरोबर त्याच्या घरचा धंदा कसा जातो, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

तारेचे शास्त्रही जुनेच. लांबी निम्मी केली की सूर एका सप्तकाने चढतो, हे पायथॅगोरसच्या नावावर नोंदले गेले आहे. आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात दोन वीणा घेऊन, एक स्थिर ठेवून व दुसरी पायरीपायरीने उतरवून श्रुतींचा प्रयोग सांगितला. पुढे मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ साली आपल्या ग्रंथात संपूर्ण नियम मांडला : सूर लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि तारेच्या दर एकक लांबीच्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. खर्जाची तार जाड का हवी, आणि ती नुसती जाड केली तर ताठर होऊन नाद का बिघडतो, या प्रश्नांतून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेष्टित तार आली. बारीक गाभ्यावर धातूची दुसरी तार गुंडाळली की वजन वाढते, पण लवचिकपणा फारसा जात नाही. आजच्या विद्युत गिटारच्या जाड तारा याच युक्तीवर चालतात.

पोलादी तारेला गिटारवर मान मिळवून दिला तो मुख्यतः हवाई बेटांतील वादकांनी. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार पोलादी कांबीने वाजवायची, तर तात चालत नसे. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत या हवाईयन संगीताची लाट उसळली. मार्टिनसारख्या जुन्या कारखान्याने १९२२ पासून पोलादी तारांचा भार सोसणाऱ्या गिटारी नियमाने करण्यास प्रारंभ केला. मोठ्या वाद्यवृंदात गिटारचा आवाज ऐकू येत नाही, ही अडचण मात्र उरलीच. तिच्यावर जॉर्ज बोशँप याने उपाय शोधला. तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले की, पोलादी तार हलताच वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हे ‘पिकअप’ असलेली, लोकांनी गमतीने ‘फ्राइंग पॅन’ म्हटलेली रिकनबॅकर गिटार १९३२ साली बाजारात आली, आणि १९३७ साली तिला पेटंट मिळाले. पहिली विद्युत गिटार हवाईयन पद्धतीची होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या शोधाने तारेचे कामच पालटले. तातीच्या वा साध्या गिटारच्या तारेने लाकडाला हलवायचे असते. विद्युत गिटारच्या तारेने मुख्यतः चुंबकीय क्षेत्राला हलवायचे. म्हणून तिच्यात चुंबकाला प्रतिसाद देणारा धातू हवा. कांस्याचे वेष्टन असलेली साध्या गिटारची तार विद्युत गिटारवर चढवून पाहावी : वेष्टन चुंबकाच्या लेखी जवळपास नसतेच, पोलादी गाभा तेवढा बोलतो, आणि तारांतारांतील आवाजाचा तोल ढळतो. शुद्ध निकेल चुंबकाला ओढले जाते, पण लोखंडाहून बरेच कमी. म्हणून शुद्ध निकेलच्या वेष्टनाची तार ऊबदार, काहीशी सौम्य बोलते. १९५० च्या दशकातील गिटारवादनात ऐकू येणारा गोलवा बऱ्याच अंशी तिचा आहे. निकेल महाग असल्याने पुढे पोलादी वेष्टनावर निकेलचा पातळ मुलामा देण्याची रीत पडली. ही तार अधिक ठसठशीत व तेजस्वी बोलते, आणि आज सर्वाधिक खप तिचाच आहे. स्टेनलेस पोलादाची तार सर्वांत तीक्ष्ण. ती घामाला दाद देत नाही, पण बोटाला खरखरीत लागते आणि पडदेही लवकर झिजवते.

वेष्टनाच्या आकाराचेही असेच आहे. आरंभीच्या जॅझ वादकांना चपट्या पट्टीची, फ्लॅटवाउंड तार प्रिय होती : स्पर्श गुळगुळीत, बोट सरकल्याचा आवाज नाही, नाद दबका. रॉक संगीताने गोल तारेचे वेष्टन, म्हणजे राउंडवाउंड, स्वीकारले. त्यातील खरखर बोटाला जाणवते, पण वरच्या स्वरांचे तेज तिथेच असते. गाभाही दोन परींचा. षट्कोनी गाभ्याच्या कडांमुळे वेष्टन घट्ट धरले जाते. गोल गाभ्याची तार काहींच्या बोटांना अधिक मऊ लागते, पण वेष्टन सैल पडू नये म्हणून चढवताना जपावे लागते.

आता हाताची कथा. १९५० च्या आसपास गिटारबरोबर मिळणाऱ्या तारा जाड असत, आणि तिसरी तारही वेष्टित असे. ब्लूज व रॉकच्या वादकांना तार पडद्यावर आडवी खेचून सूर चढवायचा होता. सतारीवरील मींड जाणणाऱ्या आमच्या वाचकांना ही गरज चटकन उमजेल. जाड तारेवर ते कष्टाचे होते. जेम्स बर्टनसारख्या वादकांनी तोड काढली : बँजोची बारीक तार पहिलीच्या जागी लावायची आणि बाकीच्या एकेक घर सरकवायच्या. कॅलिफोर्नियातील दुकानदार अर्नी बॉल याने आपल्या गिऱ्हाइकांची ही तक्रार ऐकली. मोठ्या कारखान्यांनी लक्ष दिले नाही, तेव्हा १९६२ साली त्याने स्वतःच बारीक तारांचा संच काढला. त्यात पहिली तार ०.०१० इंच, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर, आणि सहावी ०.०४६ इंच होती. वादकांच्या बोलीत हाच ‘दहाचा’ संच. त्याहून बारीक तो ‘नवाचा’. फेंडरच्या साडेपंचवीस इंची लांबीवर दहाच्या संचाचा एकूण ताण सुमारे ४७ किलो, नवाच्या संचाचा सुमारे ३८ किलो. गिब्सनची लांबी पाऊण इंचाने कमी असल्याने तिथे तोच संच सुमारे सहा टक्के हलका लागतो.

बारीक तार ही चैन नव्हे, याचा दाखला बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीच्या आयुष्यात आहे. १९६५ साली, सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे पडद्यावर फिरणारा हात तोच. त्याने बोटांना घरी टोप्या घडवल्या, बँजोच्या बारीक तारा लावल्या आणि पुढे तारांचा सूरच खाली उतरवला. ‘ब्लॅक सॅबथ’च्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या ध्वनिमुद्रिकेतील खर्जाचा भार बऱ्याच अंशी या उतरवलेल्या सुरांतून आला. जखमी हाताने वाजवता येईल अशी तार शोधता शोधता संगीताचा एक नवा प्रकार घडला.

जाड तारेचाच नाद भारदस्त, असा एक समज वादकांत रूढ आहे. स्टीव्ही रे व्हॉन तेराची तार लावीत असे, हे त्याचे प्रमाण म्हणून सांगितले जाते. पण तो सर्व तारा अर्ध्या सुराने उतरवीत असे, हे कमी सांगितले जाते. उलट बिली गिबन्सचा भरदार नाद साताच्या तारेतून निघतो. जाड तार पिकअपसमोर अधिक धातू हलवते, हे खरे. परंतु उरलेला नाद आघाताचा आणि हाताचा असतो.

तिसरी कसोटी सुरात टिकण्याची. इथे शास्त्र एक अनपेक्षित गोष्ट सांगते. बिनवेष्टनाच्या पोलादी तारेचा सूर, लांबी ठरलेली असता, तिच्या एकक छेदावर किती ताण आहे यावर अवलंबून असतो, जाडीवर नव्हे. म्हणून नवाची आणि दहाची तार एकाच सुरात लावली, तर दोन्हींतील पोलाद सारखेच ताणलेले असते. बारीक तार जात्याच बेसूर नसते. तेवढ्याच जोराने दाबल्यास ती अधिक खेचली जाते, एवढेच. दोष तारेचा कमी, बोटाचा अधिक. खरी कच्ची तार आहे ती बिनवेष्टनाची तिसरी. पहिल्या तारेची कंपने दर सेकंदाला सुमारे ३३०, तिसरीची १९६. त्यामुळे तिसरीतील पोलाद पहिलीच्या जेमतेम एकतृतीयांश ताणलेले असते. जिथे ताण मुळातच थोडा, तिथे थोडी ढिलाईही जास्त भोवते. तीच ढील तिसरीचा सूर पहिलीच्या सुमारे २.८ पट बिघडवते. बारीक संचांनी तिसरीचे वेष्टन काढून मींड सोपी केली, आणि त्याचे मोल सुरात मोजले. थंडीत तार आखडून सूर चढतो, रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने उतरतो, त्याचेही कारण हेच. नवी तार काही वेळ सूर सोडते, ती बहुधा खुंटीवरचे वेढे घट्ट बसत असतात म्हणून.

काळाचा शेवटचा शत्रू गंज. घाम आणि त्वचेचा मळ वेष्टनाच्या खाचांत साचतो, तारेचे वजन जागोजागी विषम होते, आणि मग वरच्या पडद्यांवर सूर खोटा लागतो. गोवा-मुंबईच्या किनाऱ्यावरील दमट खाऱ्या हवेत हे फार लवकर घडते. यावर डब्ल्यू. एल. गोअर या कंपनीने उपाय आणला. सायकलच्या केबलींवर लेप देण्याच्या प्रयोगांतून तिला ही दिशा सापडली आणि १९९७ साली ‘एलिक्सर’ नावाने तिच्या लेपित तारा आल्या. त्या कित्येक पट टिकतात. मात्र स्पर्श किंचित निसरडा होतो आणि नव्या तारेचा पहिल्या दिवसाचा चुरचुरीत तजेला थोडा झाकला जातो. पुन्हा तोच सौदा.

भारतात ही तार बरीच आधी पोहोचली. व्हॅन शिपली यांच्या विद्युत हवाईयन गिटारच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी पाश्चात्त्य वाद्यांचा पाया घातला. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर राग मांडले, आणि १९७१ च्या ‘दम मारो दम’मधील भूपिंदर सिंग यांची गिटार कोण विसरेल? बव्हेरियातील रॉसलाऊचे पोलाद तर सतारीच्या वादकांना आणि गिटारच्या तारकारांना सारखेच प्रिय आहे.

तेव्हा घरातील तरुणाने कोणती तार घ्यावी, असा प्रश्न विचारला, तर जाहिरातीकडे बोट दाखवू नये. एकाच गिटारवर, एकाच जाडीच्या दोन जाती, दोन्ही नव्या, दोन्ही एक दिवस बसू दिलेल्या, अशा लावून त्याच्यासह ऐकाव्यात. निकेलचा गोलवा, पोलादाची धार, तिसऱ्या तारेची चंचलता ज्या कानाला कळते, त्या कानाला जवारीही कळू लागते. आणि तंबोऱ्याच्या चार तारा जुळवताना ज्यांचे आयुष्य गेले, त्या वडीलधाऱ्यांइतका या परीक्षेला लायक परीक्षक त्या तरुणाला घराबाहेर शोधूनही सहज मिळणार नाही. त्यांनी तेवढे एकदा त्याच्या खोलीत जाऊन बसावे.