मॉनिटर किती इंची?

संगणकाचा मॉनिटर घ्यायला दुकानात गेलो की पहिला प्रश्न येतो, "किती इंची?" आपण पूर्वी सतरा म्हणत होतो, मग एकोणीस, हल्ली चोवीस किंवा सत्तावीस म्हणतो. हे इंच रुंदीचे नसतात आणि उंचीचेही नसतात. ते कर्णाचे असतात. खिडकी, टेबल, फोटोची चौकट यांपैकी काहीच आपण कर्णावर मोजत नाही. मग पडदाच का?

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड किरणांची नळी बनवली. टीव्हीच्या सुरुवातीच्या पिक्चर ट्यूबचे तोंडही गोलच असे आणि गोल वस्तू व्यासावर मोजणे साहजिक होते. पुढे तोंड चौकोनी झाले, पण सवय राहिली. व्यासाच्या जागी कर्ण आला, एवढेच.

पडद्याचा आकारही असाच उसना आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या आरंभी ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट ठरवली: रुंदी चार भाग, उंची तीन भाग. सिनेमाकडून ती टीव्हीकडे आली आणि टीव्हीकडून संगणकाकडे. १९८२ सालचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम तर घरच्या टीव्हीलाच जोडायचा असे. त्यावर एका ओळीत ३२ अक्षरे मावत. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला, त्याच्या पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे आणि अशा २५ ओळी. हे ८० कुठून आले? तर १९२८ मध्ये आयबीएमने काढलेल्या पंच कार्डावर ८० रकाने होते म्हणून! पुठ्ठ्याच्या कार्डाने काचेच्या पडद्यावर राज्य करावे, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते.

आपल्यासाठी मात्र ती नुसती गंमत नव्हती. त्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला उंचीचे १४ ठिपके येत. रोमन अक्षराला ते पुरतात. आता 'मूर्ती' हा साधा शब्द घ्या. खाली दीर्घ उकार, वर वेलांटी, तिच्या शेजारी रफार. मधल्या अक्षराला मग उरते काय? देवनागरीला रुंदीपेक्षा उंची जास्त लागते आणि पडदा तर आडवा. आयआयटी कानपूरमध्ये या प्रश्नावर जे काम झाले, त्याचा धागा पुढे पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आला. तिथले 'जिस्ट' कार्ड पीसीच्या आत बसवले की त्याच पडद्यावर भारतीय लिप्या उमटू लागत. पडदा बदलणे आपल्या हाती नव्हते, म्हणून पेटीच्या आत उपाय शोधावा लागला.

पडदा उभा असू शकतो, हे कोणाला सुचलेच नव्हते असे नाही. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा कागदाच्या पानासारखा उभा होता, कारण तो करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लिहिणारा माणूस होता. तो बाजारात विकायला कधी आलाच नाही.

१९९० च्या दशकात आपल्या घरांत जो मॉनिटर आला, तो अवजड डबा अनेकांना आठवत असेल. त्याच्यावर कापडी खोळ असे आणि पुढे डोळ्यांसाठी काळसर काच. ट्रिनिट्रॉन नळीच्या पडद्यावर एक-दोन बारीक आडव्या रेघा दिसत, त्या जाळी स्थिर ठेवणाऱ्या तारांच्या सावल्या. लोक बिघाड समजून दुकानदाराशी भांडत. भांडायला खरे कारण दुसरेच होते. सतरा इंची म्हणून विकलेल्या मॉनिटरचा दिसणारा भाग सोळा इंचांच्या आसपासच असे, कारण नळीच्या कडा प्लॅस्टिकच्या चौकटीत जात. कॅलिफोर्नियात यावरून दावे झाले आणि त्यानंतर दिसणारा भाग जाहिरातीत वेगळा छापणे आले.

मग सपाट एलसीडी पडदे आले. आता कडा लपत नव्हत्या, जेवढे इंच सांगितले तेवढे दिसत होते. सुरुवातीला त्यांचा आकारही चांगला होता. एकोणीस इंची एलसीडी ५:४ प्रमाणाचा, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असे. त्यानंतर २००८-१० च्या सुमारास टीव्हीचे १६:९ हे प्रमाण मॉनिटरवर आले. टीव्ही, लॅपटॉप आणि मॉनिटर यांचा आकार एकच असला की कारखान्याला सोयीचे जाते. शिवाय कर्ण तोच ठेवून पडदा जितका लांबट करावा, तितके त्याचे क्षेत्रफळ घटते. एकोणीस इंची १६:९ मॉनिटर ४२ सेंटिमीटर रुंद, पण उंचीला जेमतेम २४ भरतो. खोक्यावरचे इंच तेच राहिले. उंची सहा सेंटिमीटरने गेली आणि क्षेत्रफळ बाराएक टक्क्यांनी. त्या वेळी सर्रास मिळणाऱ्या १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलच्या पडद्यात तर जुन्या १०२४ ओळींपैकी पाव ओळी कमी झाल्या. सिनेमा छान दिसू लागला, हे खरे. पत्र लिहिणाऱ्याला आणि हिशेब ठेवणाऱ्याला मात्र सारखे पान वर सरकवावे लागू लागले.

जुन्या एकोणीस इंचीची ती ३० सेंटिमीटर उंची आज हवी असेल, तर १६:९ मध्ये चोवीस इंची मॉनिटर घ्यावा लागतो. एफोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे एक अख्खे पान त्यावर खऱ्या मापात कसेबसे मावते. म्हणून मॉनिटर घ्यायला निघालेल्या माणसाला मी दुकानात कर्ण विचारूच नको म्हणतो. खिशात टेप ठेवावी आणि उंची मोजावी. पिक्सेलचे दोन आकडे सांगतात, त्यांतला दुसरा आधी ऐकावा. १०८० पेक्षा १२०० चांगला. आणि स्टँड फिरणारा आहे का, ते पाहावे. काही मॉनिटर नव्वद अंशांत उभे करता येतात. माझा चोवीस इंची मी तसाच उभा ठेवतो. त्यावर जवळजवळ पावणेदोन पाने एकाखाली एक दिसतात आणि अक्षर मोठे केले तरी रफार, वेलांटी, उकार सगळे सुटे वाचता येतात.