गळ, भाला आणि तोतया : एका नव्या शब्दाचा इतिहास



गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेच्या तयारीच्या दिवसांत आपल्या कोषाध्यक्षांना एक ई-मेल आला. पाठवणाऱ्याच्या जागी अध्यक्षांचे नाव होते. ‘पाहुण्या वक्त्यांचे मानधन आजच पाठवायचे आहे, मी बैठकीत आहे, फोन करू नका, पुढील खात्यावर रक्कम भरा,’ असा मजकूर होता. वक्त्यांचे नाव बरोबर होते, तारीखही बरोबर होती. कोषाध्यक्ष थबकले ते एकाच कारणाने. आपले अध्यक्ष त्यांना गेली तीस वर्षे ‘नाना’ म्हणतात आणि पत्रात ‘तुम्ही फोन करू नका’ असे कधीच लिहीत नाहीत. त्यांनी फोन केला आणि संस्थेचे पैसे वाचले.

या प्रकाराला इंग्रजीत ‘स्पिअर फिशिंग’ म्हणतात. हा शब्द कुठून आला, त्याचा अर्थ काय, आणि आपल्या भाषेत तो कसा मांडावा, एवढाच आजचा विषय आहे.

आधी ‘फिशिंग’. उच्चार मासेमारीचाच, पण इंग्रजी लिखाणात पहिले अक्षर ‘एफ’ नाही, ‘पी-एच’ आहे. हे वळण जुन्या टेलिफोन-चोरांकडून आले. १९६० आणि १९७०च्या दशकांत अमेरिकेत काही तरुण दूरध्वनी यंत्रणेला फसवून फुकट बोलत. २६०० हर्ट्झचा सूर कानी पडला की लांब पल्ल्याची यंत्रणा ओळ मोकळी झाली असे समजे, आणि तो सूर न्याहारीच्या पाकिटात मिळणाऱ्या एका खेळण्यातल्या शिट्टीतूनही निघे. ही मंडळी स्वतःला ‘फ्रीक’ म्हणवत आणि तेही ‘पी-एच’नेच लिहीत. पुढे १९९०च्या दशकाच्या मध्यावर ‘अमेरिका ऑनलाइन’ या सेवेच्या ग्राहकांना कंपनीचे कर्मचारी असल्याचे भासवून पासवर्ड विचारण्याचा उद्योग सुरू झाला. हजारो लोकांसमोर आमिष टाकायचे, चार जण गळाला लागतील. त्या उद्योगाला ‘फिशिंग’ हे नाव पडले.

गळ टाकणाऱ्याला कोणता मासा लागणार हे ठाऊक नसते. भाला घेऊन पाण्यात उभा राहणारा मात्र एकच मासा हेरतो, त्याची चाल पाहतो आणि मग नेम धरतो. ‘स्पिअर’ म्हणजे भाला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा जोडशब्द रूढ झाला. जून २००५ मध्ये ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा केंद्राने सरकारी खात्यांना आणि महत्त्वाच्या उद्योगांना इशारा दिला, की विशिष्ट व्यक्तींना त्यांच्या कामाशी जुळणारी, आत चोर-प्रणाली दडवलेली पत्रे येत आहेत. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतील बड्या कंपन्यांच्या प्रमुखांना न्यायालयाच्या समन्सच्या रूपात असेच ई-मेल आले. मासा मोठा म्हणून त्या प्रकाराला ‘व्हेलिंग’, म्हणजे देवमाशाची शिकार, असे नाव मिळाले. म्हणजे शब्दांची ही सारी वंशावळ समुद्रकाठची आहे.

आता भाल्याचा नेम कसा असतो ते पाहू. मार्च २००९ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी ‘घोस्टनेट’ या हेरजाळ्याचा अहवाल प्रसिद्ध केला. १०३ देशांतील १,२९५ संगणक त्या जाळ्यात सापडले होते. शोधाची सुरुवात आपल्याच देशात, धरमशालेतील तिबेटी कार्यालयांत झाली. तिथे आलेली पत्रे तिबेटी चळवळीच्याच नावाने होती आणि जोडलेला मजकूरही निर्वासित तिबेटींच्या जिव्हाळ्याचा होता. केंब्रिजच्या अभ्यासकांनी त्याच प्रकरणात आणखी एक रीत नोंदवली : खरे पत्र वाटेत हेरायचे आणि त्याचे जोडपत्र बदलून विषारी जोडपत्र घालायचे. भिक्षूला भिक्षूचेच पत्र आले, तर संशय कोणी घ्यावा?

दोन वर्षांनी, २०११ मध्ये, ‘आरएसए’ या कंपनीवर पाळी आली. जगभर लोक ज्या किल्लीने आपले संगणक उघडतात, ती सुरक्षेची किल्ली बनवणारीच ही कंपनी. कर्मचाऱ्यांच्या दोन लहान गटांना ‘२०११ भरती योजना’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे पत्र आले. ते रद्दीच्या कप्प्यात पडले होते. एकाने ते तिथून बाहेर काढून उघडले. कुलूप बनवणाऱ्याच्या घरातच चोर शिरला.

तिसरे उदाहरण आपल्यासारख्या शब्दप्रेमींना अधिक लागेल. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांना, जॉन पोडेस्टा यांना, गूगलच्या नावाने ‘पासवर्ड बदला’ असे पत्र आले. कार्यालयाने तंत्रज्ञाला विचारले. त्याने उत्तर लिहिले : पत्र ‘वैध’ आहे. त्याला लिहायचे होते ‘अवैध’, पण इंग्रजी शब्दाची सुरुवातीची अक्षरे राहून गेली, असे त्याने पुढे सांगितले. पन्नास हजारांहून अधिक पत्रे चोरीस गेली आणि ऐन निवडणुकीत जगासमोर आली. नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती दंतकथा म्हणून सोडून दिली तरी अक्षराची किंमत काय असते ते या प्रसंगाने पुन्हा दाखवले.

पण ही युक्ती संगणकाने जन्माला घातली असे समजू नये. १६८१ मध्ये औरंगजेबाचा मुलगा अकबर राजपुतांच्या साह्याने बापाविरुद्ध उभा राहिला. औरंगजेबाने त्याला कौतुकाचे पत्र लिहिले, की ‘राजपुतांना तू छान जाळ्यात ओढलेस.’ ते पत्र अकबराच्या नव्हे, तर राजपुतांच्याच हाती पडेल अशी तजवीज केली. विश्वास तुटला, फौज पांगली. तोच अकबर पुढे संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. नेमका वाचक, नेमका मजकूर, नेमकी वेळ : भाल्याची तिन्ही अंगे त्या एका कागदात आहेत.

मग मराठीत काय म्हणावे? या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध करवून घेतला, तो १९३१ साली निघाला. परक्या कारभाराच्या शब्दाला आपला शब्द शोधावा, हा आपल्या गावाचा वारसाच आहे. ‘भालाफेक मासेमारी’ असे शब्दशः भाषांतर केले तर आपल्या आजीला काहीच कळणार नाही. इंग्रजी शब्द शिकाऱ्याच्या बाजूने पाहतो. आपल्याला गरज आहे ती शिकार होणाऱ्याच्या बाजूने पाहणाऱ्या शब्दाची. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरणारा उठला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्याला आपण ‘तोतया’ म्हणतो. आपल्या माणसाचे नाव, चेहरा आणि बोलणे घेऊन येणारा तो तोतया. म्हणून माझी सूचना ‘तोतयापत्र’ अशी आहे. हा शब्द ऐकताच काय करायचे ते कळते : माणूस खरा आहे का ते तपासायचे.

ते कसे तपासावे हेही जुन्या दप्तरांत आहे. पेशवेकालीन पत्रांवर शिक्का असे, शेवटी मोर्तब असे आणि कारकुनाचे वळण ओळखीचे असे. तरीही नाजूक मजकूर कागदावर न ठेवता ‘बाकी अमुक यांचे मुखे कळेल’ असे लिहीत. एक गोष्ट पत्राने आणि दुसरी तोंडाने, अशा दोन वाटांनी निरोप जाई.

दोनशे वर्षे, अडीचशे वर्षे मूळ गावापासून दूर राहिलेल्या आपल्या घराण्यांना जोडून ठेवले ते पत्रांनीच. लग्नाची याद, श्राद्धाची आठवण, मुलाला नोकरी लागल्याचा आनंद. म्हणून आपल्या माणसाच्या नावाने आलेल्या मजकुरावर आपण चटकन विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास सोडावा असे मी म्हणणार नाही. आज यंत्रही सफाईदार मराठी लिहू लागले आहे, तेव्हा भाषेच्या चुकांवरून तोतया ओळखता येईल ही आशा फार काळ टिकणार नाही. पैसा, पासवर्ड किंवा घाई यांपैकी काहीही पत्रात आले, की फोन उचलावा आणि मुखाने विचारावे. नानांनी तेच केले.