संख्यांची तुलना आणि क्रम (प्राथमिक शिक्षण)

संख्यांची तुलना आणि क्रम हा प्राथमिक गणित शिक्षणातील एक पायाभूत घटक आहे. दोन संख्यांपैकी लहान कोणती व मोठी कोणती हे ठरवणे म्हणजे तुलना, तर अनेक संख्या लहानाकडून मोठ्याकडे (चढता क्रम) अथवा मोठ्याकडून लहानाकडे (उतरता क्रम) मांडणे म्हणजे क्रम लावणे होय. संख्यानावे ओळीने म्हणता येणे आणि संख्यांचा लहानमोठेपणा समजणे या दोन भिन्न क्षमता आहेत. शंभरपर्यंतचे अंक घडाघडा म्हणणारे मूलही ४३ आणि ३४ यांतील मोठी संख्या ओळखताना अडखळू शकते.

मानसशास्त्रीय पार्श्वभूमी

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी अलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ साली मुलांमधील संख्याबोधावर ग्रंथ प्रसिद्ध केला. समान संख्येच्या वस्तूंच्या दोन ओळींपैकी एक पसरून लांब केली, तर लहान मुले त्या ओळीत वस्तू अधिक आहेत असे सांगतात, असे त्यांना आढळले. पुढे रॉशेल गेलमन व रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली, शाळापूर्व वयातील मुलांनाही मोजणीची काही तत्त्वे उमगलेली असतात, असे मांडले. मोजताना शेवटी उच्चारलेली संख्या संपूर्ण समूहाची संख्या दर्शवते, हे त्यांपैकी एक तत्त्व होय.

रॉबर्ट मॉयर व थॉमस लँडॉअर यांच्या १९६७ सालच्या प्रयोगात, जवळच्या संख्यांची तुलना करण्यास प्रौढांनाही अधिक वेळ लागतो असे दिसून आले. २ आणि ९ यांपेक्षा ८ आणि ९ यांची तुलना अवघड ठरते. त्यामुळे वर्गात आरंभी एकमेकींपासून दूर असलेल्या संख्या घेणे सोयीचे असते.

अध्यापनाचे टप्पे

अध्यापनाचा आरंभ वस्तूंपासून होतो. चिंचोके, मणी अथवा खडे यांच्या दोन ढिगांतील एकेका वस्तूची जोडी लावली, की ज्या ढिगात वस्तू उरतात तो मोठा, हे न मोजताही कळते. त्यानंतर मण्यांची माळ व संख्यारेषा यांच्या साहाय्याने लगतची मागची, लगतची पुढची आणि मधली संख्या यांचा परिचय करून दिला जातो.

दोन अंकी संख्यांसाठी दहा काड्यांचा एक गठ्ठा व सुट्या काड्या वापरतात. ४ गठ्ठे व ३ सुट्या काड्या आणि ३ गठ्ठे व ४ सुट्या काड्या शेजारी ठेवल्या, की दशकाचा अंक आधी का पाहायचा हे मुलाला दिसते. ९८ ही संख्या १०२ पेक्षा मोठी वाटणे ही नेहमीची चूक आहे; मूल तेथे केवळ अंक पाहते, त्यांचे स्थान पाहत नाही.

‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे शेवटी शिकवणे इष्ट असते. ती थॉमस हॅरियट यांच्या १६३१ साली मरणोत्तर प्रकाशित झालेल्या ग्रंथात प्रथम छापली गेली. चिन्हाचे उघडे तोंड मोठ्या संख्येकडे, ही खूण उपयुक्त असली तरी ती समजेची जागा घेऊ शकत नाही.

मराठी संख्यानावे

मराठीत एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो. ‘त्रेचाळीस’मध्ये तीन आधी ऐकू येतात, पण लिहिताना ४ आधी येतो, त्यामुळे काही मुले ३४ लिहितात. जर्मन भाषेतही असाच उलटा क्रम आहे. याशिवाय ‘एकोणपन्नास’मध्ये ‘पन्नास’ ऐकू येत असल्याने ४९ ही संख्या पन्नाशीतील असल्याचा समज होऊ शकतो.

बालभारतीने २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ दोन’ अशा वाचनाचा समावेश केला. जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे मुलांना होणारा त्रास कमी व्हावा, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मांडली. या बदलामुळे रूढ संख्यानावांची हानी होईल, अशी टीकाही झाली.

खेळांचा उपयोग

गीता रमाणी व रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील शाळापूर्व मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. १ ते १० अंक एका सरळ ओळीत असलेल्या पटावर सुमारे १५ मिनिटांची चार सत्रे खेळल्यानंतर मुलांची तुलनेची क्षमता सुधारली; अंकांऐवजी रंग असलेल्या पटाने तसा लाभ झाला नाही. सापशिडीच्या पटावर मात्र एकाआड एक ओळी उलट दिशेने जातात. त्यामुळे लहान मुलांसाठी सरळ पट अधिक सुगम ठरतो.

अभ्यासक्रमातील स्थान

भारत सरकारने ५ जुलै २०२१ रोजी आरंभलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात बालवाटिकेच्या स्तरावर १० पर्यंतचे अंक ओळखणे व वस्तू क्रमाने लावणे, तर इयत्ता पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे व लिहिणे ही उद्दिष्टे आहेत. पुढे बेरीज-वजाबाकीच्या उत्तराचा अंदाज घेणे, तसेच अपूर्णांक व दशांश संख्यांची तुलना करणे याच आकलनावर अवलंबून असते.