समुद्री गोगलगाईंचे दात व त्यांची वाढ : एका प्रश्नाचा इतिहास

गोगलगाईच्या मुखात कानशीसारखी एक लवचिक पट्टी असते व तिच्यावर सूक्ष्म दातांच्या आडव्या ओळी असतात. प्राणिशास्त्रात तिला रॅड्युला म्हणतात. प्रस्तुत टिपणात तिचा उल्लेख दंतपट्टी असा केला आहे. गोगलगाईस दात असतात, ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नोंदविली होती. परंतु प्राण्याच्या वाढीबरोबर हे दात कसे बदलतात, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा वळले. या विलंबाचे कारण दंतपट्टीच्या रचनेतच सापडते.

एकोणिसाव्या शतकात दंतपट्टीचा उपयोग मुख्यतः वर्गीकरणासाठी झाला. स्वीडनच्या लोव्हेनने 1847 मध्ये तिचे महत्त्व दाखविले, आणि ट्रोशेलच्या बृहद्ग्रंथाचे प्रकाशन 1856 पासून सुरू झाले. कोकणच्या खडकांवरील उदाहरणे घेतली तर थाइसच्या एका ओळीत तीन दात, लिटोरिनाच्या कुळात सात, तर नेरिटात पुष्कळ दात आढळतात. साहजिकच दात हे जातीचे स्थिर लक्षण होय, असा समज रूढ झाला.

शंख आणि दंतपट्टी यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. शंख आपले बालपण जतन करतो. त्याच्या टोकाशी पिल्लाचा शंख बहुधा तसाच राहतो. दंतपट्टी मागील पिशवीत सतत तयार होत पुढे सरकते, आणि पुढील झिजलेले दात गळून पडतात. रनहॅम व त्याच्या सहकाऱ्याने 1960 च्या दशकात ही क्रिया मोजून दाखविली. पूर्ण घडलेला दात आकाराने वाढत नाही. वाढीचा परिणाम केवळ नव्या ओळींत प्रकट होतो. म्हणून प्रौढ गोगलगाईच्या मुखात तिच्या बालपणीचा दात उरत नाही, आणि केवळ प्रौढ नमुने तपासणाऱ्यास हा इतिहास दिसूच शकत नाही.

त्याचे महत्त्व पुढील दोन संशोधनांवरून स्पष्ट होते. कोनस मेगस ही समुद्री गोगलगाय प्रौढावस्थेत मासे खाते, तर तिची पिल्ले कृमी खातात. तिचे दातही वयानुसार निराळे असतात, हे नायबाकेन व पेरॉन यांनी 1988 मध्ये दाखविले. उलटपक्षी, लॅकुना गोगलगाईंत अन्नस्थान पालटताच नव्या दातांचा आकार पालटतो, असे पॅडिला यांना 1998 मध्ये आढळले. तात्पर्य, दातांतील फरक वयाचा की अन्नाचा, हे ठरविल्यावाचून त्यावरून जातिभेद मानणे धोक्याचे आहे.

बीडसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील अभ्यासकाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. 1958 मध्ये औरंगाबादेस स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठातून नागभूषणम व माने यांनी 1970 च्या दशकात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांचा अभ्यास केला. अर्थात शिंपल्यांना दंतपट्टीच नसते. त्यामुळे त्या परंपरेत हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. तथापि बीडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्यात बेलामिया बेंगालेन्सिस ही गोड्या पाण्यातील गोगलगाय सहज मिळते. तिच्या ओळीतही लिटोरिनाप्रमाणे सात दात असतात. शिवाय ती अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. त्यामुळे प्रयोगशाळेतील हौदात जन्मलेल्या पिल्लांचे वय निश्चित कळते.

एका मातेची पिल्ले दोन गटांत विभागावीत व त्यांना भिन्न अन्न द्यावे. ठरावीक वयास प्रत्येक गटातील काही नमुन्यांच्या मुखातील स्नायुपिंड कॉस्टिक पोटॅशमध्ये विरघळवून दंतपट्टी वेगळी करावी, आणि ओळींची संख्या, पट्टीची रुंदी व दातांची टोके नोंदवावीत. एकाच वयाच्या दोन गटांतील फरक अन्नाचा प्रभाव दाखवील, तर एकाच गटाच्या लहान-मोठ्या नमुन्यांतील फरक वाढीचा. समुद्री जातींतील उत्तर यावरून थेट मिळणार नाही, हे खरे. परंतु त्यांच्याकडे कोणत्या पद्धतीने पाहावे हे शिकता येईल. अन्यथा एकाच जातीचे पिल्लू व प्रौढ हे दोन जाती म्हणून नोंदले जाण्याचा संभव कायम राहील.